पायथन म्हणजे साप नव्हे: ब्रिटिश स्केच कॉमेडी आणि माझं खोटं हसू

 

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत. बरेच होते.

एरवी आपण इथे किल्ले, तह, लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज हसण्याचा इतिहास. आणि सुरुवात एका कबुलीने.

आधी कबुली

नोकरीला लागले तेव्हा पुण्यात आमचं ट्रेनिंग होतं. पायथन शिकवत होते. पहिल्याच दिवशी शिकवणारे सर म्हणाले, "ह्या भाषेच्या नावाचा सापाशी काही संबंध नाही. हे एका विनोदी कार्यक्रमाचं नाव आहे." आम्ही सगळे गप्प. कारण लोगोवर तर दोन साप आहेत!

पण सर बरोबर होते. गिडो व्हॅन रॉसम नावाच्या डच प्रोग्रामरने 1989 च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा लिहायला घेतली, तेव्हा तो 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या बीबीसीच्या मालिकेची स्क्रिप्टं वाचत होता. तिथून नाव आलं. साप नंतर चिकटला.

आता ह्याचा पुढचा भाग. तुमच्या मेलबॉक्समध्ये जो 'स्पॅम' फोल्डर आहे ना, तो शब्दही त्याच मालिकेतून आलाय. 1970 सालचं एक स्केच आहे. एक छोटं हॉटेल. मेन्यूतल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम, म्हणजे डब्यातलं मांस. गिऱ्हाईक बाई म्हणते, मला ते नको. पण शेजारच्या टेबलावर बसलेले शिंगांची शिरस्त्राणं घातलेले व्हायकिंग 'स्पॅम, स्पॅम' असं इतक्या जोरात गातात की बाकी कोणाचं काही ऐकूच येत नाही. पुढे इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, नको तो मजकूर ओतून दुसऱ्यांचं बोलणं बुडवणाऱ्या लोकांच्या उद्योगाला हेच नाव पडलं. म्हणजे ही मालिका न बघतासुद्धा आपण रोज तिचा शब्द वापरतो.

तर, त्या आठवड्यात फ्लॅटवर आम्ही यूट्यूबवर पायथनची स्केचेस लावली. आमच्यातला एक जण अगदी लोळून हसत होता. मीही हसत होते. अर्ध्या सेकंदाने उशिरा.

माझ्या रूममेटने ते बरोबर पकडलं. सगळे गेल्यावर म्हणाली, "तू स्क्रीनकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून हसत होतीस."

मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला. मी म्हटलं, "नाही, मला कळलं सगळं."

"बरं. मग घरी गेलीस की आईला मराठीत सांग. ती हसली तर तुला कळलं. नाही हसली, तर तुला फक्त इंग्रजी हसायला येतंय."

मंडळी, हा भाग म्हणजे त्या पैजेचा हिशोब आहे.

स्केच म्हणजे काय, आणि ही पोरं कोण?

स्केच म्हणजे आपण 'हास्यजत्रे'मुळे ज्याला स्किट म्हणतो तेच. तीन-चार मिनिटांचा छोटा प्रसंग, दोन-तीन पात्रं, आणि शेवटी एक जोरदार फटका. त्या फटक्याला पंच म्हणतात. तो बसला की टाळ्या, की पुढचं स्किट. ब्रिटनमध्येही वर्षानुवर्षं असंच चालायचं.

1960 साली एडिंबराच्या महोत्सवात चार तरुणांनी 'बियाँड द फ्रिंज' नावाचा प्रयोग केला. पीटर कुक, डडली मूर, ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर. चौघेही ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमध्ये शिकलेले. पुढे हा प्रयोग लंडनला गेला, आणि त्यात पीटर कुक चक्क पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांची नक्कल करायचा. सत्तेवर बसलेल्या पंतप्रधानाची रंगमंचावर अशी टिंगल तेव्हाच्या प्रेक्षकांना नवीन होती.

मग टीव्ही आला. 1966 मध्ये बीबीसीवर 'द फ्रॉस्ट रिपोर्ट' सुरू झाला. त्यातलं एक स्केच आजही ब्रिटनची समाजरचना समजून घ्यायला दाखवतात. तीन माणसं ओळीत उभी. सगळ्यात उंच तो उच्चवर्गीय, मधला मध्यमवर्गीय, बुटका तो कामगार. कोण कोणाकडे मान वर करून बघतो आणि कोण कोणाकडे खाली बघतो, एवढंच ते बोलतात. 'वर बघणं' आणि 'खाली बघणं' हे दोन शब्द लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहेत.

त्या तिघांतला उंच माणूस जॉन क्लीझ. आणि त्या कार्यक्रमासाठी लिहिणाऱ्यांत ग्रॅहम चॅपमन, एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन. चॅपमन डॉक्टरकी शिकलेला, क्लीझ कायदा शिकलेला. हे पाच जण आणि अमेरिकेहून आलेला चित्रकार टेरी गिलियम मिळून पुढे 'मॉन्टी पायथन' झाले. पहिला भाग 5 ऑक्टोबर 1969 ला लागला. 1974 पर्यंत चार मालिका, एकूण 45 भाग.

पण ही पोरं ज्याच्या खांद्यावर उभी होती, तो माणूस वेगळा होता. आणि इथे मी जरा सरसावून बसले, कारण तो माझ्या गावचा निघाला.

नगरचा स्पाइक

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. नगर म्हटलं की भुईकोट किल्ला आणि लष्कर. इंग्रजांच्या काळातही इथे मोठी छावणी होती. त्या छावणीतल्या एका आयरिश वंशाच्या सैनिकाच्या घरी 16 एप्रिल 1918 ला एक मुलगा जन्मला. टेरेन्स ॲलन मिलिगन. जग त्याला स्पाइक मिलिगन म्हणून ओळखतं.

त्याचं लहानपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. पुण्यात तो कॉन्व्हेंटमध्ये शिकला. किशोरवयात कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेला. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात भरती झाला, उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढला. 1944 च्या जानेवारीत इटलीत जखमी झाला आणि मनानेही कोलमडला. पुढे आयुष्यभर त्याला मानसिक आजाराचे झटके येत राहिले.

1951 मध्ये त्याने पीटर सेलर्स, हॅरी सीकोंब आणि मायकेल बेंटिन यांच्यासोबत बीबीसी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव पुढे 'द गून शो' झालं. 1960 पर्यंत चालला. बहुतेक लिखाण मिलिगनचं. आठवड्याला एक स्क्रिप्ट लिहिता लिहिता तो अक्षरशः आजारी पडला, दवाखान्यात राहिला, परत येऊन लिहीत राहिला.

त्या शोमध्ये मेजर ब्लडनॉक नावाचं पात्र आहे. हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी अधिकारी. तोंडाने शौर्याच्या गप्पा, प्रत्यक्षात भित्रा, लाचखाऊ आणि पोट कायम बिघडलेलं! साम्राज्य म्हणजे शिस्त, साम्राज्य म्हणजे पराक्रम, असं ज्या पिढीला शिकवलं होतं, तिच्या रेडिओवर हा मेजर यायचा. माझा अंदाज असा, की छावणीत वाढलेल्या मुलाला गणवेशाच्या आतला माणूस फार लवकर दिसला असणार. हुकूम कितीही वेडगळ असला तरी गंभीर चेहऱ्याने पाळायचा, हे त्याने घरापासून रणांगणापर्यंत पाहिलं होतं.

रेडिओला कान लावून बसणाऱ्या शाळकरी पोरांत पुढे पायथन झालेली मंडळीही होती. बीटल्सवालेसुद्धा गून शोचे वेडे होते.

आणि ह्याचं पुढचं आयुष्य म्हणजे त्याचंच एखादं स्केच. आपल्या छावणीत जन्मलेला, ब्रिटनसाठी लढून जखमी झालेला हा माणूस. ब्रिटिश पासपोर्टच्या वेळी त्याच्या नागरिकत्वाचाच प्रश्न निघाला, आणि शेवटी त्याने वडिलांच्या आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. 2002 मध्ये तो गेला. आपण आजारी असल्याचं मी आधीच सांगितलं होतं, अशी तक्रार त्याला स्वतःच्या थडग्यावर हवी होती. चर्चला ते इंग्रजीत नको होतं. मग आयर्लंडच्या भाषेत कोरलं. म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळणार नाही अशी सोय करून विनोद मंजूर झाला!

शेवटच कापून टाकला

आता मुख्य मुद्दा. पायथनवाल्यांनी नवीन काय केलं?

1969 च्या मार्चमध्ये, म्हणजे पायथन सुरू व्हायच्या सहा-सात महिने आधी, मिलिगनची 'क्यू फाइव्ह' नावाची मालिका बीबीसी टूवर लागली. त्यात तो एक स्केच सुरू करायचा, ते रंगायचं, आणि मध्येच सोडून तो दुसरीकडे निघून जायचा. पंच नाहीच. टेरी जोन्सने पुढे सांगितलंय, की ते बघून त्यांना धक्काच बसला. आपल्याला जे करायचं होतं, ते ह्याने आधीच करून टाकलं! मग त्यांनी काय केलं? मिलिगनचाच दिग्दर्शक, इयन मॅकनॉटन, आपल्याकडे घेतला.

विचार करा, पंच काढून टाकण्याने काय होतं? स्केच लिहिणाऱ्याचा निम्मा वेळ शेवट शोधण्यात जातो. कल्पना छान असते, पण शेवट सापडत नाही म्हणून ती फेकून द्यावी लागते. पायथनने ठरवलं, कल्पना दमली की सरळ थांबायचं. कधी चॅपमन लष्करी कर्नल होऊन येतो आणि हे फारच वेडपट चाललंय, बंद करा, असा हुकूम देतो. कधी गिलियमचं ॲनिमेशन येतं, जुन्या चित्रांची कात्रणं हलवून केलेलं. तो सगळ्यांना चिरडणारा मोठा पाय आठवतोय? तो ब्राँझिनो नावाच्या इटालियन चित्रकाराच्या सोळाव्या शतकातल्या चित्रातून उचललाय. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ते चित्र. तिथे तो पाय मदनाचा आहे, प्रेमाच्या देवाचा!

आज आपण रील्स बघतो तेव्हा एकातून दुसऱ्यात घसरतो आणि शेवटाची वाट बघत नाही. त्यामुळे ह्यातली गंमत आपल्याला नवीन वाटणार नाही. पण फरक आहे. रील्समध्ये आपलं बोट उडी मारतं. पायथनमध्ये उडी कुठे मारायची हे सहा जण भांडून ठरवत होते.

आणि हे सगळं वाचलं कसंबसं. तेव्हा टेप महाग असायची, म्हणून बीबीसी जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवीन घ्यायची. 'क्यू फाइव्ह'चे बरेचसे भाग असेच गेले. पायथनचे मात्र राहिले.

पोपट आणि आईचा मिक्सर

आता पैज.

शनिवारी नगरला गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून पोपटाचं स्केच सांगायला घेतलं. हे 7 डिसेंबर 1969 ला पहिल्यांदा दाखवलं गेलं. एक माणूस पाळीव प्राण्यांच्या दुकानात येतो. अर्ध्या तासापूर्वी इथूनच घेतलेला पोपट मेलाय, अशी त्याची तक्रार. दुकानदार म्हणतो, मेला नाही, आराम करतोय. गिऱ्हाईक पिंजरा आपटतो, पोपट काउंटरवर आपटतो. दुकानदार म्हणतो, तुम्ही त्याला बधिर केलंत. मग म्हणतो, त्याला नॉर्वेच्या खाड्यांची आठवण येतेय. आणि गिऱ्हाईक सांगतो, हा पोपट दांडीवर बसला होता तो फक्त खिळे ठोकले होते म्हणून!

आई मेथी खाली ठेवून हसायला लागली.

"अगं, आपला मिक्सर नाही का! तीनदा दुरुस्तीला नेला. तो मला म्हणतो, ताई, मोटर एकदम ओके आहे, फक्त फिरत नाही."

मंडळी, त्या क्षणी मला पोपट कळला. फ्लॅटवर नव्हता कळला. आणि गंमत म्हणजे मूळ गोष्टही अशीच आहे. मायकेल पेलिनचा एक गॅरेजवाला होता. गाडीत काहीही बिघाड सांगा, तो म्हणायचा, नवीन गाडी आहे, असं होतंच. त्यावरून 1968 मध्ये एक गाडीचं स्केच केलं होतं. पुढे चॅपमनने सुचवलं, गाडीऐवजी पोपट घेऊ. बस. गाडी बिघडली की नाही यावर वाद होऊ शकतो. मेलेल्या पोपटावर वाद होऊ शकत नाही. म्हणूनच जो वाद घालतो त्याचं हसू येतं.

म्हणजे हे स्केच पोपटाचं नाहीच. डोळ्यांना दिसतंय ते काउंटरच्या पलीकडचा माणूस गंभीर चेहऱ्याने नाकारतोय, आणि आपल्याला त्याच्या शब्दांत सिद्ध करून दाखवावं लागतंय, त्याचं आहे. 'मिनिस्ट्री ऑफ सिली वॉक्स' बघा. विचित्र चाल विकसित करायला अनुदान देणारं सरकारी खातं! साहेब वेडीवाकडी पावलं टाकत ऑफिसात येतो, पण टोपी, सूट, बॅग सगळं नीट. खिडकीवर फॉर्म भरलेल्या कोणत्याही माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला ऑक्सफर्डला जायची गरज नाही.

हे दुसऱ्या भाषेतही चालतं याचा पुरावा पायथनने स्वतःच दिलाय. 1971 आणि 1972 मध्ये त्यांनी जर्मन टीव्हीसाठी दोन खास भाग केले. पहिल्या भागासाठी तर भाषा येत नसताना जर्मन संवाद पाठ करून म्हटले.

चार मेणबत्त्या आणि माझं 'पानी'

हुरूप आला म्हणून मी लगेच दुसरं सांगितलं. हे पायथनचं नाही. रॉनी बार्कर आणि रॉनी कॉर्बेट यांच्या 'द टू रॉनीज' मधलं, 1976 चं. ब्रिटनमध्ये हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. कामगार दिसणारा माणूस हार्डवेअरच्या दुकानात येऊन 'फोर कँडल्स' मागतो. दुकानदार चार मेणबत्त्या काढून देतो. तो म्हणतो, नाही, 'फोर्क हँडल्स'. म्हणजे बागेतल्या काटेफावड्याचे दांडे. 'फोर्क हँडल्स' मधला 'ह' काढून म्हणा, कळेल. अशा गोंधळात दुकानदार बिचारा शिड्या चढून उतरून वेडा व्हायची वेळ येते.

आई म्हणाली, "मग त्याने नीट बोलायचं ना."

हसली नाही. पैजेत मी हरले असं वाटलं. पण नंतर रूममेटला हे सांगितलं, तेव्हा ती गप्प झाली आणि म्हणाली, "'ह' खाणारे म्हणजे तिकडचे 'पानी' म्हणणारे ना?"

बरोबर. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळणं ही कामगारवर्गाची बोली मानली जाते. इंग्रजांना तो माणूस तोंड उघडताच कुठल्या वस्तीतला हे कळतं. आणि आपल्याकडे? कॉलेजला मी नगरहून पुण्यात आले तेव्हा माझ्या 'पानी'वर एकदा सगळा ग्रुप हसला होता. त्यानंतर वर्षभर मी 'पाणी' म्हणण्याऐवजी बाटलीकडे बोट दाखवायचे. खरं सांगते.

म्हणून मी ते स्केच परत बघितलं, नीट. आणि लक्षात आलं, की बार्करचा तो गिऱ्हाईक अजिबात मूर्ख नाहीये. तो शांत आहे. त्याला हवं ते तो स्पष्ट मागतोय. डोकं फिरतं ते दुकानदाराचं. आई हसली नाही कारण ते मराठीत येतच नाही. पण मला आवडलं, आणि हे आवडणं माझं स्वतःचं होतं, कोणाकडे बघून नव्हतं.

जे आईला सांगता आलं नाही

आता अवघड भाग.

मिलिगन नगरचा म्हणून मी सगळीकडे सांगत सुटले होते. रूममेटने एके दिवशी विचारलं, "'करी अँड चिप्स' बघितलंस?"

1969 चीच गोष्ट. 'क्यू फाइव्ह' आणि पायथनच्या पहिल्या मालिकेचंच वर्ष. आयटीव्हीवर सहा भागांची ही मालिका आली. तीत मिलिगन तोंडाला काळपट रंग लावून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार होतो. कारखान्यातले लोक त्याला नाही नाही ते बोलतात. लेखक जॉनी स्पाइट. आपण वर्णद्वेष्ट्यांची टिंगल करतोय, असं करणाऱ्यांचं म्हणणं. पण तक्रारी इतक्या आल्या की नियामक मंडळाने मालिका पुढे चालू दिली नाही.

हे मी आईला सांगू शकले नाही. सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबले. काय सांगणार? आपल्या गावात जन्मलेला, आपल्या भाषा कानावर घेऊन वाढलेला माणूस, आणि त्याने आपल्यासारखा रंग तोंडाला फासून लोकांना हसवलं?

आणि तो एकटा नाही. पीटर सेलर्सने 1960 च्या 'द मिलियनेअरेस' मध्ये भारतीय डॉक्टर आणि 1968 च्या 'द पार्टी' मध्ये भारतीय नट रंग लावूनच केला. पायथनच्या काही स्केचेसमध्येही रंगवलेले चेहरे आहेत. बायकांचं बघा. म्हाताऱ्या, कर्कश बायका हे पुरुष स्वतः लुगड्याऐवजी फ्रॉक नेसून करायचे. कॅरोल क्लीव्हलँड ही गुणी नटी इतक्या भागांत आहे, पण बहुतेक वेळा तिला फक्त देखणी दिसायचं काम.

माझी रूममेट म्हणते, "सहाच्या सहा गोरे पुरुष, त्यातले पाच ऑक्सफर्ड-केंब्रिजचे. त्यांनी साहेबाची टिंगल केली कारण उद्या तेच साहेब होणार होते. तुझ्या-माझ्यावर हसताना त्यांना वर बघावं लागत नव्हतं."

मी म्हणते, "पण पोपट?"

ती म्हणते, "पोपट चांगलाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? मी म्हणतेय, पोपट आवडला म्हणून 'करी अँड चिप्स' माफ नाही होत."

यावर आमचा वाद महिनाभर चालला. तो काळच तसा होता, हे मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, तक्रारीही त्याच काळातल्या लोकांनी केल्या होत्या ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आलं, त्याच भाषेत

उत्तर आमच्या दोघींपैकी कोणाकडेच नव्हतं. ते 1998 मध्ये बीबीसीच्या टीव्हीवर येऊन गेलेलं होतं. त्याआधी रेडिओवर. कार्यक्रमाचं नाव 'गुडनेस ग्रेशस मी'. हे नाव कुठून आलं माहितीये? सेलर्स आणि सोफिया लॉरेनच्या त्याच 1960 च्या सिनेमाच्या निमित्ताने केलेल्या गाण्यातून! संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया, या चौघांनी ज्या गाण्यात आपल्या उच्चारांची टर उडवली होती तेच उचलून पाटी म्हणून लावलं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं स्केच सांगते. ब्रिटनमध्ये शुक्रवारी रात्री पिऊन झालं की टोळक्याने भारतीय हॉटेलात जायचं, वेटरच्या नावाची वाट लावायची आणि सगळ्यात तिखट काय आहे ते मागायचं, असा रिवाज. ह्यांनी तो उलटा केला. मुंबईत भारतीय मित्रमैत्रिणी पिऊन इंग्लिश हॉटेलात जातात. गोऱ्या वेटरच्या नावाची वाट लावतात. आणि मर्दानगी दाखवायला मेन्यूतला सगळ्यात अळणी पदार्थ मागवतात!

हे आईला सांगितलं. आई इतकी हसली की शेजारच्या काकू विचारायला आल्या काय झालं. मग काकूंना आईनेच सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. तिने वेटरचं नाव स्वतःच्या मनाने घातलं.

आणि बघा, ह्या स्केचचं यंत्र पायथनचंच आहे. गंभीर चेहरा, एक वेडगळ नियम, आणि तो नियम कोणी न हसता शेवटपर्यंत पाळायचा. फक्त काउंटरच्या कोणत्या बाजूला कोण उभं आहे, ते बदललं. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या चेहऱ्याचा रंग हा विनोद होता, त्यांनी तेच यंत्र हातात घेतलं.

पहिली पंधरा मिनिटं

शेवटचा एक किस्सा. 1979 मध्ये पायथनचा 'लाइफ ऑफ ब्रायन' आला. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या, आणि लोक ज्याला चुकून मसीहा समजतात अशा माणसाची गोष्ट. ऐनवेळी मूळ कंपनीने पैसे काढून घेतले, तेव्हा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घर गहाण टाकून पैसे उभे केले. का? तर त्याला तो सिनेमा बघायचा होता!

सिनेमावर गदारोळ झाला. नॉर्वेत बंदी आली, ब्रिटनमधल्या काही नगरपालिकांनीही परवानगी नाकारली. बीबीसीवर क्लीझ आणि पेलिन यांचा, पत्रकार माल्कम मगरिज आणि एका बिशपशी वाद ठेवला. पाहुण्यांनी दोघांना खूप सुनावलं. पुढे कळलं, की ते दोघे सिनेमाला उशिरा पोचले होते आणि पहिली पंधरा मिनिटं त्यांनी बघितलीच नव्हती. त्याच भागात येशू आणि ब्रायन ही दोन वेगळी माणसं असल्याचं स्पष्ट दाखवलंय!

मला हे फार लागलं. कारण मी उलटं केलं होतं. त्यांनी न बघता निषेध केला, मी न कळता टाळ्या वाजवल्या. दोन्हीत आपण समोरच्या गोष्टीकडे बघत नसतो. आजूबाजूला कोण बसलंय ते बघत असतो.

आणि त्या सिनेमात, एका छोट्या प्रसंगात, स्पाइक मिलिगन आहे. शूटिंग ट्युनिशियात चाललं होतं. तो तिथे सुट्टीवर, आपण युद्धात लढलो त्या जागा बघायला आला होता. योगायोगाने भेट झाली, त्यांनी त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. प्रसंग झाला आणि उरलेले शॉट्स घ्यायच्या आत तो निघून गेला. शेवट न करता. त्याच्याच पद्धतीने.

नगरला गेले की छावणीच्या रस्त्याने जाताना मला आता तो आठवतो. अभिमान वाटतो, आणि 'करी अँड चिप्स' आठवून मान खालीही जाते. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

पैजेचं म्हणाल तर रूममेट म्हणते बरोबरी. पोपट माझा, चार मेणबत्त्या तिच्या. मी फ्लॅटवर हल्ली उशिरा हसत नाही. कळलं नाही तर विचारते, "ह्यात काय होतं?" दोनदा तर असं झालं, की लोळून हसणाऱ्या त्या मित्रालाही सांगता आलं नाही.

तर मंडळी, गृहपाठ. तुम्हाला आवडणारं एखादं इंग्रजी स्केच घ्या आणि आज रात्री घरच्या कोणाला तरी मराठीत सांगून बघा. हसले की नाही, आणि कुठे हसले, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. 'पानी' म्हणालात तरी चालेल.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!